तुमच्या आखाजीला वहिनी कुठे असेल?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

त्यांचं माहेर चोपडा तालुक्यातलं, तापीकाठचं. लग्नानंतर गेली अकरा वर्षं त्या नेदरलँड्समध्ये लायडन शहराजवळ राहतात. दोन्ही मुलं तिथल्याच शाळेत. पहिल्याच वर्षी, कुणी ओळखीचं नसताना, शेजारच्या डच कुटुंबाने एप्रिलमधल्या एका रविवारी दार वाजवलं आणि ‘चला, शेतं बघायला’ म्हणून सायकलींवरून ट्यूलिपच्या शेतांकडे नेलं. तेव्हापासून दर वसंतात ही सहल ठरलेली. नवरा, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी अशा त्या कुटुंबाला आता भारतात यायचं आहे. शाळा चालू असताना तिथे मुलांना सहलीसाठी रजा मिळत नाही, म्हणून एप्रिलअखेरची दोन आठवड्यांची सुट्टी धरली आहे. त्याच सुट्टीत आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, येते आहे.

पत्र लिहिणाऱ्या ताईंना वाटतं, त्यांनी आपल्या गावीच यावं. आई म्हणते, “पाव्हना कधी हॉटेलमा उतरस का?” भावाने एसी आणि कमोडची चौकशी सुरू केली आहे. नवऱ्याचं म्हणणं, जळगावला हॉटेलात उतरवू, एक दिवस अजिंठा दाखवू आणि थेट केरळ गाठू. एप्रिलमध्ये खानदेशात दाखवायला आहे काय, ऊन? ताईंनी चिडून सहा दिवसांची यादी केली: अजिंठा, पाटणादेवी, उनपदेव, मनुदेवी, चांगदेव, पाल, गांधीतीर्थ, तोरणमाळ. आणि यादी करून झाल्यावर त्यांनाच धास्ती वाटू लागली. घर जुनं, उकाडा मरणाचा, भाऊबंद टक लावून बघणार. त्या विचारतात, “गावी उतरवू की हॉटेलात? आणि खरं सांगा, त्यांना आवडावं असं आपल्याकडे आहे तरी काय?”

पत्राच्या शेवटी, सहज म्हणून, दोन वाक्यं आहेत. “वहिनीचा काही प्रश्न नाही, ती कशालाच नाही म्हणत नाही. तिचं माहेर शिंदखेड्याकडे, दोन तासांवर आहे, ती काय कधीही जाऊ शकते.”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना अजिंठ्याच्या वेळा, गाड्या, पाण्याच्या बाटल्या यांचीच जुळवाजुळव माझ्या डोक्यात सुरू झाली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्या शेवटच्या दोन वाक्यांपाशी मी थांबले. तुमच्या प्रश्नांची उत्तरं देतेच, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.

आखाजी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण हे सदर खानदेशाबाहेरही वाचलं जातं, म्हणून सांगते. बाकी महाराष्ट्राला अक्षय तृतीया म्हटलं की सोनं आणि मुहूर्त आठवतात. आपल्याकडे आखाजी हा सासुरवाशिणीचा सण. दिवाळीइतकाच, काही घरांत दिवाळीहूनही मोठा. भाऊ किंवा बाप घ्यायला येतो, लेक माहेरी जाते, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. नवी घागर पाण्याने भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, पितरांना सांजोऱ्या, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य होतो, आणि त्याआधी कित्येक घरांत आंब्याला कुणी तोंड लावत नाही. सालदाराचं वर्षसुद्धा या दिवशी संपतं आणि नवं ठरतं. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसालाही त्या दिवशी ‘पुढचं काय’ असं विचारलं जातं.

आता तुमची योजना तुमच्या वहिनीच्या जागेवर बसून बघा. आखाजीला नणंद येणार, नणंदेचा नवरा आणि मुलं येणार, सोबत चार परदेशी पाहुणे. आईचं वय झालेलं. घरात चुलीपाशी उभी राहणारी बाई एकच. मग त्या दिवशी ती शिंदखेड्याला कशी जाणार? तिथेही एक आई असेल, वाट बघणारी. दोन तासांचं अंतर खरंच, पण दोन तासांवरचं माहेर आखाजीनंतरच्या आठवड्यात गाठणं आणि आखाजीला गाठणं यांत किती फरक असतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? अकरा वर्षं सात हजार किलोमीटरांवरून तुम्ही तोच दिवस आठवत आला आहात.

माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं होतं. आम्हाला चार आत्या. दर आखाजीला चौघीही यायच्या, घर नुसतं भरून जायचं, आणि लहानपणी मला त्यासारखं सुख दुसरं वाटत नसे. आई माहेरी कधी जाते हा प्रश्न मला पडला तो माझं लग्न झाल्यावर. विचारलं तर म्हणाली, “नंतर जायची ना. उन्हाळा काय कमी मोठा असतो?” मामा वारले त्या वर्षीच्या आखाजीलाही ती आमच्याकडेच होती, आणि त्यानंतर तिने कधी झोक्याला हात लावलेला मी पाहिला नाही. आत्या वाईट होत्या असं मुळीच नाही. फार मायेच्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही विचारलं नव्हतं, एवढंच.

म्हणून तुमच्या वाक्यातला ‘ती नाही म्हणत नाही’ हा भाग मला होकार वाटत नाही. ज्या घरात तिला विचारायची पद्धतच नाही, तिथे ‘नाही’ म्हणायला तिला जागा कुठे आहे?

आणखी एक गोष्ट थोडी टोचेल, पण मायेने लिहिते आहे. त्या घरात तुम्ही आता यजमान नाही. अकरा वर्षं परदेशात राहून वर्षा-दोन वर्षांनी तीन आठवड्यांसाठी येणारी लेक स्वतःच पाहुणी असते. मानाची, लाडाची, पण पाहुणी. पिण्याचं पाणी कोणत्या दिवशी येतं, गॅसचं सिलिंडर कधी संपतं, भाकरीचं पीठ कोणत्या चक्कीवर दळलं जातं, हे तुमच्या वहिनीला माहीत आहे. पाहुण्याने पाहुणे आणायचे असले तर घरच्या माणसाला आधी विचारावं लागतं. लायडनमध्ये तुम्ही हे सहज केलं असतं. तुम्हीच लिहिलंय की तिकडे साध्या कॉफीलासुद्धा दोन आठवडे आधी दिवस ठरवतात आणि सुरुवातीला त्याचं तुम्हाला वाईट वाटायचं. त्या सवयीतलं चांगलं काय आहे ते इथे वापरा.

आता प्रश्न, गाव की हॉटेल? हा प्रश्न सोडवण्याआधी तिसरा पर्याय बघू, कारण तो तुम्ही लिहिलेलाच नाही.

एप्रिलच्या शेवटी जळगाव-चोपडा पट्ट्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, कधी त्याच्याही वर. तुमचे शेजारी बारा-पंधरा अंशांतून येतील. शरीराला कडक ऊन अंगवळणी पडायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि त्यांची सगळी सुट्टीच दोन आठवड्यांची. मोठी माणसं निभावून नेतील, पण सहा वर्षांच्या मुलीचा विचार करावा लागेल. म्हणून हे निमंत्रण नाताळच्या सुट्टीत नेता येईल का, हे त्यांना मोकळेपणाने विचारा. डिसेंबरात खानदेश वेगळाच असतो. शेतात काट्याकुट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, पहाटेची थंडी, हतनूरच्या पाणलोटावर उतरलेले परदेशी पक्षी, दत्तजयंतीला भरणारी सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. पाहुण्यांनाही सोपं, घरालाही सोपं. ते म्हणाले की आम्हाला नाताळ चालेल, तर मला विचाराल तर मी डिसेंबरच घेईन.

पण तुमच्या पत्रातला सूर मला कळतो. तुम्हाला वसंतच हवा आहे, कारण त्यांनी तुम्हाला दिला तो वसंत होता. पंचांगाने चैत्र-वैशाख म्हणजे वसंतच. आपल्याकडे तो फुलांच्या ताटव्यांनी येत नाही, तो निंबाच्या मोहोराच्या वासाने, कैरीने आणि रात्रीच्या वाऱ्याने येतो. तर एप्रिलच ठरलं असं धरून पुढे लिहिते.

त्या पहिल्या रविवारी त्यांनी तुम्हाला काय दिलं होतं, ते आठवा. तुमच्याच शब्दांत: दोन जादा सायकली, पावाचे चीज घातलेले तुकडे, थर्मासमधली कॉफी. लिसचं कोकेनहोफ जवळच होतं, सत्तर लाख कंदांची ती बाग बघायला जगभरातून लोक येतात, पण त्यांनी तुम्हाला तिथे नेलं नाही. बांधावर बसवलं. त्यांचा रविवार जसा असतो तसा तुम्हाला त्यात घेतला. त्याची परतफेड आठ ठिकाणं आणि पंचपक्वान्नांनी करायला निघालात तर तुमची तब्येत जाईल, वहिनीची जाईल, आणि पाहुण्यांना संकोच वाटेल तो वेगळाच.

त्या यादीवर मी काट मारते, रागावू नका. मनुदेवी आणि पाटणादेवी ही ठिकाणं पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत न्यावीत अशी. एप्रिलअखेर धबधबे कोरडे असतात, दगड तापलेले. पाटणादेवीचं मंदिर, भास्कराचार्यांच्या घराण्याचा तिथला शिलालेख, हे सगळं मोलाचं आहे, पण चाळीसगाव तुमच्या गावाहून लांब आणि पाहुण्यांसोबत मुलं आहेत. उनपदेवला गरम पाण्याचा झरा बघायला वैशाखात कुणाला नेऊ नये. पालही पावसाळ्यानंतर. चांगदेव मात्र एका संध्याकाळसाठी मनात ठेवा. पूर्णा तापीला मिळते तिथे, सूर्य कलल्यावर, दगडी मंदिराच्या पायऱ्यांवर तासभर नुसतं बसायचं. गांधीतीर्थ दुपारचं, आत गारवा असतो, प्रदर्शन नीट मांडलेलं आहे, आणि दोन्हीकडच्या मोठ्या मुलांना ते समजेल.

अजिंठा ठेवाच. इथे तुमच्या यजमानांचं हॉटेल कामाला येतं. हॉटेल आणि गाव यांत भांडण लावायची गरजच नाही. गावाहून पहाटे निघून अजिंठ्याला जायचं आणि रात्री परतायचं यात सगळ्यांचाच जीव जाईल. त्याऐवजी आदल्या रात्री जळगावला हॉटेलात राहा, तिथून लेणी साधारण साठ किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात, हे सगळ्यात आधी बघा. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून शेवटचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं, त्यामुळे सकाळी नऊच्या आधी फाट्यावर असाल असं निघा. सगळी लेणी बघायचा हट्ट नको. चित्रांसाठी एक, दोन, सोळा आणि सतरा, आणि जुना चैत्य म्हणून दहावं. लेण्याच्या आत गार असतं, पण एका लेण्यातून दुसऱ्यात जाताना ऊन सोसवत नाही. अकरा-साडेअकराला परत फिरा. तुमच्या पाहुण्यांना एक गोष्ट सांगायला आवडेल. जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला ही लेणी दिसली ती १८१९ च्या २८ एप्रिलला, म्हणजे असल्याच उन्हात. दहाव्या लेण्यात त्याने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. आणि मुलांना खालची वाघूर नदी दाखवा, कोरडी असली तरी. हीच नदी पुढे खानदेशात उतरते, तिच्यावरच्या धरणाचं पाणी जळगावच्या नळांना येतं.

बाकीचे दिवस गावात. तिथे दाखवायला काय आहे, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते तुमच्या भावाची केळीची बाग ही त्या चौघांसाठी अजिंठ्याच्या बरोबरीची आहे, कारण ते कंदांच्या मुलखातले आहेत. तिकडे शेतकरी फुलं ऐन बहरात असताना त्यांची मुंडकी छाटतो, हे तुम्ही बघितलंच असेल. सगळा जोर खालच्या कंदात जावा म्हणून. पीक फुलाचं नसतंच, कंदाचं असतं. आता त्यांना केळीचा कंद उकरून दाखवा. घड कापला की ते झाड संपतं, आणि शेजारी ठेवलेल्या पिलातून पुढची बाग उभी राहते. पिलबाग हा शब्द तुमच्या भावाने त्यांना समजावून सांगावा, तुम्ही फक्त भाषांतर करा. भाऊ एसीपेक्षा या गोष्टीने जास्त उभारी धरेल. कांदेबाग आणि मृगबाग हे लागवडीचे दोन हंगाम, ठिबकच्या नळ्या, घड मोजण्याची रीत, बाजारभावाची कटकट, सगळं बोलू द्या. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही त्याच्या तोंडूनच येऊ द्या. सकाळी सहाला बागेत, साडेआठला घरी. कपडे जुने घालायला सांगा. केळीचा चीक लागला की तो डाग धुऊन निघत नाही.

गच्चीवर ज्वारीचे बिबडे नाहीतर कुरडया वाळत असतील तर चौघा मुलांना सकाळी राखणीला बसवा. कावळे हाकलण्याचं काम आपण सगळ्यांनी केलंय, आणि ते काम दिलं की मूल त्या घरचं होतं. ज्या दिवशी गव्हाचा चीक शिजेल त्या दिवशी वाटीभर चीक, तूप-साखर घालून. दुपार ही बघण्याची वेळच नाही. दहा ते पाच दारं-खिडक्या बंद, कूलर चालू, पत्ते, झोप. पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर सुट्टी वाया जातेय असं त्यांना वाटेल. आपल्याकडे उन्हाळ्यातला दिवस दोन तुकड्यांत जगतात, हे त्यांना एकदा कळलं की ते घड्याळ लावून पाळतील. संध्याकाळी तापीवर. आणि रात्री गच्चीवर, बाजांवर, आकाशाखाली. अकरा वाजता वारा सुटतो तो अंगावर घेतलेल्या माणसाला मग उन्हाची तक्रार राहत नाही. तिकडे एप्रिलमध्ये अंधार पडायला नऊ वाजतात आणि बाहेर झोपण्याची तर सोयच नाही, त्यामुळे त्या मुलांना ही रात्र आठवत राहील.

शेवटचे दोन दिवस तोरणमाळ ठेवा. खानदेशात एप्रिलमध्ये गारवा मिळण्याची तीच एक जागा. सातपुड्याचा घाट, यशवंत तलाव, रात्री चादर लागते. फक्त एक. तिथे जाताना पावरा-भिल्ल वस्त्या लागतील. गाडी थांबवून अंगणातल्या बायका-पोरांचे फोटो काढायला पाहुण्यांना देऊ नका. त्यांच्या देशात कुणी अनोळखी माणूस त्यांच्या मुलीचा असा फोटो काढू लागला तर ते काय करतील, एवढं सांगितलं तरी पुरे. आणि तोच नियम उलटाही लावा: तुमच्या गावात त्या सहा वर्षांच्या मुलीचे गाल ओढायला आणि सेल्फी काढायला रांग लागेल. पहिल्याच संध्याकाळी भाऊबंदांना ओट्यावर बोलवून, चहा देऊन, सगळ्यांची ओळख करून द्या आणि पोरीला हात लावू नका हे तुमच्या भावाने सांगावं. ओळख झाली की टक लावून बघणं आपोआप कमी होतं.

आता आखाजीचं. माझ्या मनात जी मांडणी आहे ती सांगते, पण ती वहिनीच्या उत्तरावर अवलंबून आहे.

तिला विचारताना “तुला चालेल ना?” असं विचारू नका. त्याला ती हो म्हणेल. “आखाजीला तू शिंदखेड्याला कोणत्या दिवशी जाते आणि कधी परत येते, ते आधी सांग, त्याप्रमाणे मी पाहुण्यांची तारीख धरते,” असं विचारा. ती बहुतेक म्हणेल, “नंतर जासू ना बाई.” तेव्हा मान्य करू नका. पुन्हा विचारा. तिचं जाणं ठरलं की दोन वाटा आहेत. एक, पाहुण्यांना सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात मुंबई, नाशिक किंवा तुमच्या यजमानांच्या मनातलं केरळ बघू द्या, आणि वहिनी माहेराहून परतून दोन दिवस विसावल्यावर गावी आणा. सणाला तुम्ही एकट्या, मुलांना घेऊन, आईजवळ असाल. दुसरी वाट म्हणजे आखाजी पाहुण्यांसोबतच करायची, पण मग घर तुम्ही चालवायचं. तुम्ही, तुमचे यजमान आणि तुमचा भाऊ. खापरावरची पुरणपोळी जमत नसेल तर गावात मांडे करून देणाऱ्या बायका असतात, त्यांना आधी सांगून ठेवा आणि योग्य पैसे द्या. आमरस काढायला चार मुलं आहेतच. भावाने त्या दिवशी पत्त्यांच्या डावात बसायचं नाही, हे मात्र तुम्हालाच त्याला सांगावं लागेल, आणि लहान बहीण म्हणून ते अवघड आहे, मला माहीत आहे. तरी सांगा.

मला पहिली वाट जास्त पटते. दुसरीत तुमच्या आईला, पाहुणे दारात असताना सून माहेरी गेलेली, हे लोकांना कसं सांगायचं याचा घोर लागेल. पण वहिनीला त्या चौघांना भेटायची हौस असेल, सणाला झोका बांधून त्या पोरीला बसवावं असं तिलाच वाटत असेल, तर तेही शक्य आहे. म्हणूनच तिला विचारायचं. पाहुण्यांना घेऊन वहिनीच्या माहेरी जेवायला जाऊ अशी कल्पना सुचली असेल तर ती सोडून द्या. त्या दोन दिवसांत तिला कुणाला वाढायला लागू नये.

जेवणाचं सोपं ठेवा. सहा दिवसांत एकदा वरण-बट्टी, एकदा शेवभाजी बेताच्या तिखटाची, बाकी भाकरी, पिठलं, दही, कैरीचं पन्हं, डांगर, केळी. सकाळी पाव, लोणी आणि फळं ठेवली तर ते स्वतःचं स्वतः घेतील. तिकडे तसंच असतं, आग्रह करून वाढलं की त्यांना पोट भरल्याचं सांगायचीच चोरी होते. भांडी घासायला ते उठले तर आईला उठू देऊ नका, त्यांना घासू द्या. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा बाटलीचं, माठातलं फक्त तुमच्या मुलांना सोसत असेल तर. ओआरएसची पाकिटं सोबत असावीत, आणि मूल सुस्त पडलं, घाम थांबला, अंग तापलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना.

भावाच्या खर्चाबद्दल. कमोड बसवू द्या, कारण तो तुमच्या आईच्या गुडघ्यांसाठी तसाही लागणार आहे; अर्धे पैसे तुम्ही द्या आणि तो आईसाठी आहे असंच म्हणा. एसी नको. सहा दिवसांसाठी घेतलेल्या एसीचं बिल पुढे कोण भरणार? एक चांगला मोठा कूलर आणि गच्चीवर पांढरा चुना पुरेल.

अशाच तयारीत असलेल्या इतर वाचकांनाही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला की त्याची माहिती घरमालकाने चोवीस तासांच्या आत सरकारी संकेतस्थळावर नोंदवायची असते. लोक त्याला सी फॉर्म म्हणतात. हॉटेलवाले ते आपोआप करतात, घरी उतरवताना आपण विसरतो. भावाच्या नावाने लागणारी नोंदणी आधीच करून ठेवा, आणि गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घाला. लसींबद्दल पाहुण्यांनी त्यांच्या डॉक्टरांना दोन महिने आधी विचारावं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि लग्नसराईतल्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, म्हणून तारखा त्याआधी पक्क्या हव्यात.

म्हणजे फोन या आठवड्यातच करायला हवा. आत्ता तुमच्याकडे हिवाळी वेळ आहे, साडेचार तासांचा फरक. तुम्ही सकाळी साडेदहाला फोन लावलात तर इकडे दुपारचे तीन वाजलेले असतील. भांडी आवरून झालेली, आई झोपलेली, भाऊ शेतात. आईच्या फोनवर करू नका. वहिनीच्या स्वतःच्या नंबरवर करा, तुमच्याकडे नसेल तर भावाकडून घ्या, आणि बोलताना फोन स्पीकरवर नसू द्या.